घरच्या वजनकाट्यावर रोज खरं वजन कसं घ्यावं

बाबांना दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली एक ओळ होती: ‘रोज सकाळी वजन करून लिहून ठेवणे.’ हृदयाचं पंपिंग कमी झालं की शरीरात पाणी साचायला लागतं आणि पायावर सूज दिसायच्या आधी ते पुष्कळदा वजनात दिसतं, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. आम्हाला दिलेला आकडा होता तीन दिवसांत दोन किलो. तेवढं वाढलं तर वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा.

घरी आल्यावर नवव्या दिवशी काट्यानं आदल्या दिवसापेक्षा २.४ किलो जास्त दाखवलं. आम्ही तसेच रिक्षा करून गेलो. छाती तपासली, पाय दाबून बघितले, तिथल्या काट्यावर उभं केलं. वजन जागच्या जागी होतं. घरी येऊन बघते तर सकाळी फरशी पुसताना मीच काटा हातभर बाजूला सरकवला होता. आमच्या साताऱ्याच्या घरात जुनी शहाबादी फरशी आहे आणि काट्याचा एक पाय दोन फरश्यांमधल्या खाचेत गेला होता.

तो धडा एका दिवसात शिकले. दुसरा शिकायला महिना लागला आणि तो जास्त गंभीर होता. ओळीनं पाच-पाच दिवस काटा दशांशापर्यंत तोच आकडा दाखवायचा आणि आम्ही निर्धास्त व्हायचो. प्रत्यक्षात काटा नवं वजन दाखवतच नव्हता. ते पाचव्या पायरीत सांगते.

घरात हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल, गरोदर बाई असेल किंवा तुम्ही स्वतः वजन कमी करत असाल, तरी पायऱ्या याच आहेत. घरच्या काट्याकडून दोन गोष्टी हव्यात: तेच वजन ठेवलं तर रोज तोच आकडा यावा आणि वजन बदललं तर आकडा तेवढाच बदलावा. तो खऱ्यापेक्षा अर्धा किलो जास्त दाखवत असला तरी चालेल, पण रोज तेवढाच जास्त दाखवायला हवा.

आधी हे जमवून ठेवा

- वजनकाटा आणि त्याच्या सेलचा एक जादा संच
- एक गोटी (फरशीचा उतार बघायला)
- साधारण दीड फूट बाय दीड फूट, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा. फर्निचरवाल्याकडे उरलेला मिळतो. फरशी सपाट असेल तर गरज नाही
- खडू किंवा रंगीत चिकटपट्टी
- झाकणाचा पक्का डबा, धान्यानं भरून १० ते १५ किलो होईल असा
- अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली
- वही आणि तिला दोऱ्यानं बांधलेलं पेन
- पेशंटसाठी असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि किती वाढलं की फोन करायचा तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घेतलेला

१. आपला काटा कसा चालतो ते समजून घ्या

काचेचा डिजिटल काटा उलटा करून बघा. चार कोपऱ्यांत चार पाय दिसतील. प्रत्येक पायात धातूची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर बारीक तारेची जाळी चिकटवलेली असते. आपण उभे राहिलो की पट्टी केसभर वाकते, तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध किंचित बदलतो. चारही पायांकडून आलेला बदल एकत्र करून काटा आकडा काढतो. म्हणजे आपलं सगळं वजन या चार पायांमधूनच जमिनीत गेलं पाहिजे. एक पाय अधांतरी राहिला, काचेचा मधला भाग सतरंजीला टेकला किंवा आपला हात भिंतीला लागला, की आकडा बिघडला.

गोल तबकडीचा जुना काटा स्प्रिंगवर चालतो. त्याच्या बाजूला एक छोटं चाक असतं. उभं राहण्याआधी ते फिरवून सुई बरोबर शून्यावर आणायची आणि आकडा सरळ वरून वाचायचा. तिरकं बघितलं तर सुई पुढच्या किंवा मागच्या रेघेवर दिसते. म्हणून वाचायला दुसरं माणूस असलेलं बरं, कारण उभा असलेला माणूस वाकला की सुई हलते.

नवा घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: साधा घ्या. मोठे ठळक आकडे, पाय ऐसपैस ठेवता येतील एवढी रुंद पाटी, घसरणार नाही असा पृष्ठभाग, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात ते पेन्सिल सेल. खोक्यावर ‘५० ग्रॅम’ किंवा ‘१०० ग्रॅम’ लिहिलेलं असतं ते फक्त आकडा किती बारीक पायऱ्यांनी दिसेल ते सांगतं. काटा तेवढा अचूक आहे असा त्याचा अर्थ नाही.

शरीरातली चरबी सांगणारे काटे तळपायांतून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. पेसमेकर किंवा तसलं कोणतंही यंत्र शरीरात बसवलेलं असेल तर असा काटा वापरू नका. गरोदरपणातही तो टाळायला सांगतात.

२. जागा एकदाच ठरवा, मग हलवू नका

निम्म्या चुका इथेच होतात.

बाथरूममध्ये काटा ठेवू नका. आपल्याकडच्या बाथरूमची फरशी पाणी जाळीकडे जावं म्हणून मुद्दाम उतरती बसवलेली असते. ओलावा आत शिरून काटा खराब होतो आणि ओल्या काचेवर वयस्कर माणसाचा पाय सटकला तर वजन बाजूला राहून हाड मोडायचं.

गादी, सतरंजी, जाड पायपुसणं, मुलांची फोमची चटई, यांवरही नको. काट्याचे पाय त्यात रुततात आणि काट्याचा तळच टेकतो. शेणानं सारवलेली जमीन दिसायला सपाट असली तरी दाबली जाते. माडीच्या लाकडी फळ्या पावलागणिक लवतात. अशा ठिकाणी जाड प्लाय टाका, चारही कोपऱ्यांना दाबून तो डुगडुगत नाही ना ते बघा आणि त्यावर काटा ठेवा.

टाइल्सची फरशी असेल तर गोटी ठेवून बघा. गोटी एका बाजूला पळायला लागली तर दुसरी जागा शोधा. मग काटा ठेवा आणि समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीनं बोटानं दाबा. टक टक आवाज आला म्हणजे एक पाय टेकलेला नाही. चारही पाय टाइलच्या सांध्यावर न येता मधल्या सपाट भागावर आले पाहिजेत.

जागा सापडली की काट्याच्या चारही कोपऱ्यांभोवती खडूनं किंवा चिकटपट्टीनं खूण करा. फरशी पुसायला काटा उचलावा लागलाच तर परत त्याच खुणेत बसला पाहिजे. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे आधीच सांगा. त्यांना माहीत नसलं तर त्या मन लावून काट्याखाली पुसतील आणि काटा भिंतीशी उभा करून ठेवतील.

३. शून्य पक्कं करा

आजकालच्या बऱ्याच काट्यांवर सरळ उभं राहिलं की आकडा येतो, आधी पायानं टिचकी मारावी लागत नाही. सोय चांगली, पण त्यात एक खोच आहे. असा काटा बंद होताना जे असेल त्याला ‘शून्य’ समजून ठेवतो. नंतर तुम्ही त्याला उचललं, उभं ठेवलं, त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांची चळत ठेवली, की ते जुनं शून्य चुकीचं ठरतं आणि पुढचं पहिलं वजन हमखास फसवं येतं.

उपाय सोपा आहे. काटा हलला असेल तर जागेवर ठेवा, एका पायानं दाबून चालू करा, पाय काढा, ०.० दिसू द्या आणि तो आपोआप बंद होऊ द्या. त्यानंतर उभे राहा. हलल्यानंतरचं पहिलं वजन कधीही वहीत लिहू नका.

काटा उभा करून कपाटामागे ठेवायची सवय असेल तर ती मोडा. जागा कमीच असेल तर तो आडवाच पलंगाखाली सरकवा, वापरताना खुणेवर आणा आणि शून्याचा हा विधी रोज करा.

४. उभं कसं राहायचं

अनवाणी. पाय कोरडे. दोन्ही पावलं काट्याच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर, वजन दोन्हींवर सारखं. हात बाजूला, नजर समोर. आकडा लुकलुकून स्थिर होईपर्यंत बोलणं नको, खाली वाकणं नको.

वयस्कर माणसाचा हात आपोआप भिंतीकडे, टेबलाकडे जातो. नुसता तळवा टेकला तरी किलो-दोन किलो कमी दिसू शकतं. बाबांच्या बाबतीत मी समोर उभी राहते, हात त्यांच्या हाताखाली पण न लावता. तोल जायला लागला तर धरता येतं. धरलं, तर ते वजन बाद आणि पाच मिनिटांनी परत. ज्यांना आधाराशिवाय उभंच राहता येत नाही त्यांच्यासाठी या काट्याचा हट्ट धरू नका. सूज आणि दम यांवर लक्ष कसं ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

५. काटा जुनाच आकडा परत दाखवतोय का, ते तपासा

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

बऱ्याच डिजिटल काट्यांत अशी सोय असते की नवं वजन मागच्या वजनाच्या अगदी जवळ असेल तर काटा नवं न दाखवता मागचाच आकडा परत दाखवतो. लागोपाठ तीनदा उभं राहून तीनदा ६१.४ आलं की गिऱ्हाईकाला काटा पक्का वाटतो. पण रोजच्या दोन-तीनशे ग्रॅमवर नजर ठेवायची असेल तर ही सोय घातक आहे. पाणी हळूहळू साचत असताना काटा कालचंच वजन सांगत राहतो, आणि एका सकाळी एकदम मोठी उडी मारतो.

तपासायची पद्धत अशी:

काट्यावर उभे राहा, आकडा लिहा. समजा ६१.४ आला. खाली उतरा, काटा बंद होऊ द्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीत निम्मं पाणी भरा, म्हणजे साधारण पाव किलो झालं. ती हातात घेऊन परत उभे राहा. ६१.६ किंवा ६१.७ आलं तर काटा प्रामाणिक आहे. परत ६१.४ च आलं तर शंका घ्या.

आता धान्याचा भरलेला डबा उचलून काट्यावर उभे राहा. मोठा आकडा येऊ द्या. उतरा, डबा ठेवा, काटा बंद होऊ द्या आणि बाटली घेऊन पुन्हा उभे राहा. या वेळी आकडा ६१.६-६१.७ असा बदलला, तर काट्यात ही आठवण ठेवायची सोय आहे हे नक्की झालं.

म्हणून काटा फेकून द्यायची गरज नाही. मोजायच्या दोन वजनांच्या मध्ये खूप वेगळं वजन काट्यावर ठेवलं की जुना आकडा पुसला जातो. आमच्याकडे रोज आधी मी उभी राहते, मग बाबा. आमच्या वजनात दहा-बारा किलोंचा फरक आहे, तेवढा पुरतो. एकटे राहत असाल तर आधी डबा घेऊन एकदा उभे राहा, मग डबा ठेवून खरं वजन घ्या. डबा उचलणं झेपत नसेल तर तो नुसता काट्यावर ठेवून उतरवला तरी काम होतं. पेशंटला मात्र डबा उचलायला लावू नका.

६. गिरणीतल्या काट्याशी ताडून बघा

दुकानातले, गिरणीतले, डेअरीतले काटे व्यापारासाठी वापरले जातात, म्हणून वैधमापन शास्त्र विभागाकडून त्यांची ठरावीक मुदतीनं पडताळणी होते आणि त्यांच्यावर शिक्का असतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी भिंतीवर लावलेलं दिसतं. घरच्या काट्याला असं काही नसतं.

दळण टाकायला जाताना धान्यानं भरलेला बंद डबा गिरणीतल्या काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. दळायचं असेल ते वेगळं न्या. हा डबा तसाच घरी आणायचा. समजा १२.३५ किलो भरला. आता घरच्या काट्यावर नुसते उभे राहा, मग डबा घेऊन उभे राहा. दोन आकड्यांतला फरक १२.३ किंवा १२.४ आला तर उत्तम. डबा नुसता काट्यावर ठेवून तपासण्यापेक्षा ही रीत चांगली, कारण काटा आपल्या वजनाच्या आसपास नीट चालतो का, हे यात कळतं. शिवाय काही काटे तीन-चार किलोंच्या खाली चालूच होत नाहीत, त्यामुळे लिटरभर पाण्यानं तपासायला गेलात तर काटा बिघडलाय असंच वाटेल.

मग तोच डबा काट्याच्या चार कोपऱ्यांत एकेकदा ठेवून बघा. एखादाच कोपरा बाकीच्यांपेक्षा दोनशे ग्रॅमच्या वर वेगळं सांगत असेल तर त्या पायाखाली कचरा अडकलाय का, पायाची रबराची टोपी निघालीय का ते बघा. साफ करूनही फरक राहिला तर मी तो काटा पेशंटसाठी वापरणार नाही.

हा डबा घरात ‘आपलं वजन’ म्हणून तसाच ठेवून द्या. उंदीर, किडे, दमट हवा यांपासून सांभाळा. महिन्यातून एकदा त्याच्यावर काटा ताडून बघायचा.

७. वेळ एकच, अवस्था एकच

सकाळी उठल्यावर, शौचाला आणि लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आंघोळीच्या आधी, दर वेळी तेवढ्याच हलक्या कपड्यांत. खिसे रिकामे, फोनचेच दोनशे ग्रॅम असतात.

दिवसभरात निरोगी माणसाचं वजनही किलो-दीड किलोनं वरखाली होतं. लिटरभर पाणी प्यायलं की काटा तेव्हाच एक किलो जास्त दाखवणार. रात्री पापड-लोणच्यासह जेवण झालं तर मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवतं. मासिक पाळीच्या आधी अनेकींचं वजन वाढतं, बद्धकोष्ठतेत वाढतं. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी उतरतं, कारण शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर त्यानं धरलेलं पाणीही जातं.

वजन कमी करणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. लग्नात दोन घास जास्त झाले आणि सकाळी काटा एक किलो वर गेला, तर ती एका रात्रीत चढलेली चरबी असूच शकत नाही. त्या दिवशी उपाशी राहू नका.

८. वहीत लिहा, लगेच लिहा

तारीख, वेळ, वजन, आणि पुढे एक-दोन शब्द: ‘रात्री उशिरा जेवण’, ‘पायावर सूज’, ‘लघवीची गोळी बदलली’, ‘सेल बदलले’. आकडा मनात ठेवून नंतर लिहायचं म्हटलं तर दुपारपर्यंत ६३.८ चं ६८.३ होतं. मोबाइलवर लिहिणारे खुशाल लिहोत, पण आमच्या घरी वही काट्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते आणि बाबांना ती स्वतः वाचता येते, याला मी जास्त महत्त्व देते.

वजन कमी करणाऱ्यांनी आठवड्याची सरासरी बघावी. सात दिवसांचे आकडे ६४.२, ६४.६, ६४.१, ६४.०, ६४.७, ६४.३, ६३.९ असे असतील तर सरासरी ६४.३. पुढच्या आठवड्याची सरासरी याच्याशी ताडायची. मंगळवारचं वजन बुधवारशी ताडत बसू नका.

पेशंटचं मात्र वेगळं. तिथे सरासरीची वाट बघायची नाही. डॉक्टरांनी दिलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. तेवढी वाढ दिसली की काटा खुणेत आहे का, शून्य नीट आहे का हे बघून पाच मिनिटांत परत वजन घ्या. तेच आलं तर फोन करा. आणि दम लागत असेल, आडवं झाल्यावर श्वास कोंडत असेल, तर काटा काहीही म्हणो, थांबू नका.

नेहमी होणारे घोटाळे

*वजन एकदम दुपटीहून जास्त दिसतं.* काट्याच्या पोटाशी एक बटण असतं, ते उचलताना दाबलं गेलं की काटा किलोऐवजी पौंडात बोलायला लागतो. ६५ किलोचे १४३ पौंड होतात. आकड्याशेजारचं एकक बघा आणि बटण परत दाबा.

*आकडे फिकट दिसतात किंवा काटा मध्येच बंद पडतो.* सेल संपत आलेत. इशारा यायची वाट न बघता बदला, सगळे एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. बदलल्यावर शून्याचा विधी करा आणि धान्याच्या डब्यानं ताडून बघा.

*दवाखान्यातल्या काट्यावर वेगळं येतं.* येणारच. तिथे कपडे, चपला, पोटातला नाश्ता, सगळं असतं. दवाखान्यातला आकडा आणि घरचा आकडा एका रांगेत कधीच लिहू नका. डिस्चार्ज झाल्यावर दुसऱ्या सकाळी घरच्या काट्यावर घेतलेलं वजन हाच तुमचा पहिला आकडा.

*तान्ह्या बाळाचं वजन.* बाळाला घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही रीत बॅगेचं वजन बघायला ठीक आहे. बाळाला आठवड्यात दीड-दोनशे ग्रॅमची वाढ मोजायची असते आणि या काट्याची चूकच तेवढी असू शकते. बाळाला अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे त्यांच्या काट्यावर न्या.

*चरबीची टक्केवारी रोज बदलते.* काटा ती थेट मोजत नाही. पायांतून गेलेल्या प्रवाहाला किती अडथळा झाला, यावरून आणि तुम्ही भरलेल्या वय-उंचीवरून तो अंदाज बांधतो. पाणी कमी-जास्त प्यायलं, तळपाय कोरडे पडले, की अंदाज बदलतो. ज्यांच्या अंगावर सूज आहे त्यांनी तो आकडा बघूच नये.

९. काटा बदलायची वेळ आली तर

जुना काटा लगेच टाकू नका. आठवडाभर रोज सकाळी दोन्ही काट्यांवर लागोपाठ वजन घ्या आणि वहीत दोन रकाने करा. आमच्या नव्या काट्यानं सातही दिवस जुन्यापेक्षा ०.६ ते ०.७ किलो कमी दाखवलं. तो फरक तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, तिथे लाल रेघ मारली आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना वही दाखवताना पहिल्यांदा त्या रेघेवर बोट ठेवलं. नाहीतर बाबांचं वजन एका रात्रीत पाऊण किलो उतरलं असं समजून त्यांनी गोळीचा डोस बदलला असता.